आक्का, तुझी वाघर आणि माझा पडदा

आक्का,

आपल्याला घर नव्हतं असं मी लोकांना सांगायची, आणि तू शेजारी असलीस की तिथंच अडवायचीस. "व्हतं की चकलांब्याला. खोटं कावून बोलती?" होतं, आक्का. चार पत्र्यांचं होतं आणि वर्षातले बहुतेक महिने त्याला कुलूप असायचं. दिवाळी सरली की आबा घोड्यावर बिऱ्हाड लादायचे आणि मग जो शेतकरी मेंढ्या बसवून घेईल त्याच्या रानात आपला तळ. त्याच्या जमिनीला लेंडीखत, आपल्याला ज्वारी. ज्वारी चांगली निघाली तर भाकरी, किडकी निघाली तर कण्या. विहिरीवर पाणी मागायला गेलो की 'मेंढकं आली' म्हणत दोर वर ओढून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. माय तापानं फणफणलेली असताना उघड्या रानात वाकळ पांघरून पडलेली पाहिली आहे. दवाखाना लांब होता, पण ती अडचण नव्हती. मेंढ्या कुणाच्या हवाली करून जायचं, ही अडचण होती.

तू गेल्यापासून लोक येतात आणि तू किती कष्टाळू होतीस ते सांगतात. मी मान हलवते. तुला तो शब्द आवडायचा नाही. "कष्टाळू गाढवाला म्हन्तेत. माणसाला नावानं हाक मारत्यात," असं तूच एकदा सरपंचीणबाईंना ऐकवलं होतंस. म्हणून मी तुझ्या कष्टांबद्दल लिहिणार नाही. आपलं एक भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं, त्याबद्दल लिहिते. ते कुणाला नीट माहीत नाही, आणि त्यात मी बरोबर होते असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

मी अजून शाळेत जात नव्हते. त्या वर्षी गोदेच्या काठच्या एका रानात आबांचा आणि नामदेवकाकांचा असे दोन कळप शेजारी शेजारी बसले होते. काका म्हणजे आबांचा सख्खा धाकटा भाऊ. कळप वेगळे, पण मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग एकाच डब्यातला. भावाभावांत खूण वेगळी कशाला, असं दोघांचंही म्हणणं. आपल्या मेंढ्या बहुतेक काळ्या, काकांच्या बहुतेक पांढऱ्या. काळ्या मात्र काही त्यांच्याकडेही होत्या. असे दोन कळप जवळ बसले की मधे वाघर लावायची असते. मेंढपाळाच्या घरात जन्मले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: वाघर म्हणजे सुताची जाळी, खुंट्यांना ताणून उभी करायची, मेंढ्या कोंडायला.

ती लावायचं काम तुझं होतं. त्या दिवशी वारं बोचरं होतं. नवी कोकरं लटलट कापत होती. तू वाघरीचा मोठा तुकडा घेतलास, त्याच्यावर पोती अडकवलीस आणि कोकरांना आडोसा केलास. उरलेली वाघर दोन कळपांच्या मधे पुरेना, मग तू ती लावलीच नाहीस. ऊन अजून होतं, मेंढ्या चरून सुस्तावल्या होत्या. इकडे काळं, तिकडे पांढरं, आणि मधली रेघ इतकी स्पष्ट की मी बांधावर बसून तीच बघत राहिले होते.

शेजारच्या रानात विहीर खोदत होते. "बार हाय, बार" अशी आरोळी आली आणि सुरुंग उडाला. कानापेक्षा तो छातीला आधी कळला. सगळ्या मेंढ्या एकदम, एकाच अंगाला दचकल्या. पळाल्या नाहीत, आधी नुसत्या दचकल्या. आणि मला जी रेघ सरळ वाटत होती ती सरळ नव्हतीच हे तेव्हा दिसलं. आपल्या दोनचार काळ्या जिथं तोंड पुढं काढून उभ्या होत्या तिथं काळं बोट पांढऱ्यात शिरलं. जिथं त्या मागं होत्या तिथं पांढरं बोट काळ्यात आलं. बोटं लांबली, टोकाला फुगली, कडेनं मागं वळली. थोड्या वेळानं रेघ म्हणून काही उरलंच नाही. काही मेंढ्या विहिरीच्या काठावरच्या दगडांवर चढल्या आणि आत पडल्या. त्यांचं ओरडणं मला अजून ऐकू येतं. तुलाही येत असणार, तू कधी बोलली नाहीस.

दुसऱ्या दिवशी निवडानिवड. पांढऱ्या काकांच्या, तेवढं सोपं होतं. काळ्यांवरून अडलं, कारण पाठीवर सगळ्यांच्याच एकच लाल खूण.

"ही माझी हाय. हिचं तोंड मला ठाव हाय," आबा म्हणाले.

"तुला तुझ्या बायकूचं तरी तोंड ठाव हाय का बे? आठ म्हैने मेंढ्यांकडंच बघतू," काका म्हणाले, आणि सगळे हसले. तिथवर हसणं होतं. दुपारपर्यंत ते संपलं, आणि काकांनी तुझ्याकडं हात करून म्हटलं, "पोरीनं मुद्दाम वाघर लावली न्हाई. बापाचीच शिकवण आसंल."

आबांनी त्यानंतर मरेपर्यंत सख्ख्या भावाशी शब्द केला नाही. काकूच्या माहेरी तुझी सोयरीक ठरत आली होती, ती मोडली. कोकरांचा आडोसा मेंढ्यांनी तुडवून टाकला होता, आणि तू कोकरांचं नावसुद्धा घेतलं नाहीस. घेतलं असतंस तर निदान मायनं तुझी बाजू धरली असती.

त्याच वर्षी तू आबांना म्हणालीस, "चंदीला मेंढ्या वळता येत न्हाईत. बांधावर बसून नुसती बघत ऱ्हाती. तिला शाळंत घाला." म्हणजे मला हुशार म्हणून शाळेत घातलं नाही, निकामी म्हणून घातलं. पुढं कुणी माझं कौतुक करायला लागलं की तू ही गोष्ट न चुकता सांगायचीस. मी चौसाळ्याच्या वसतिगृहात राहिले, बीडला कॉलेज केलं. आपल्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते, आणि कुणी जरा नम्रपणानं सांग म्हटलं तर आणखी मोठ्यानं सांगते. ती सवय तुझीच.

एमएस्सीला असताना एका तासाला सरांनी फळ्यावर दोन वायू काढले. एक हलका, एक जड. मधे सीमा, किंचित नागमोडी. मग म्हणाले, आता यावरून धक्क्याची लाट जाऊ द्या. धक्क्याची लाट म्हणजे स्फोटातून निघते ती, आवाजाहून वेगानं जाणारी, दाबाची एक पातळ भिंत. त्यांनी एकापुढं एक चित्रं काढली. नागमोडीचा उंचवटा लांबला, त्याचं बोट झालं, बोटाच्या टोकाला अळंबीसारखी टोपी आली, टोपीच्या कडा मागं वळल्या, आणि शेवटच्या चित्रात दोन्ही वायूंचा काला. वर्गातली मुलं उतरवून घेत होती. मी पेन खाली ठेवलं होतं. मी ते पाहिलेलं होतं.

त्याच आठवड्यात मी वडवणीला आले. तुझं सासर तिथलं, आणि बाजाराचा दिवस होता. भावजी चहाला गेले होते, तू तीन शेळ्यांचे दोर हातात धरून उभी होतीस.

"आक्का, त्या दिवशीचं मला कळालंय."

"कोन्त्या दिवशीचं?" म्हणालीस, पण तोंड फिरवलंस. तुला माहीत होतं कोणत्या.

मी सांगायला लागले. दोन हवा, मधे रेघ.

"हवंत रेघ कशी आसंल? दिसती का?"

"धूर घातला की दिसती."

"बरं. मग?"

"रेघ अगदी सरळ असली, तर धक्का आला की ती नुसती पुढं सरकती. मोडत न्हाई. पण इतकी सरळ रेघ जगात नसतीच. कुठंतरी बारीक उंचवटा, कुठंतरी खड्डा. धक्का उंचवट्याला आधी भेटतो, खड्ड्याला मागून. आणि जड हवेत तो हळू चालतो, हलक्या हवेत जोरात. मग रेघेला पीळ बसतो. एकदा पीळ बसला की धक्का निघून गेला तरी उंचवटा वाढतच जातो."

"धक्का गेल्यावर बी?"

"सगळं गेल्यावरच होतं, आक्का."

तू शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "हां. हे मातर खरं हाय. बार तर एकदाच झालता."

मला वाटलं जिंकले. मी म्हटलं, "म्हणजे कुणाचाच गुन्हा न्हाई त्यात. मेंढ्यांचा न्हाई, तुझा बी न्हाई."

"मेंढीला भ्या वाटतं. तुझ्या हवंला वाटतं का?"

"न्हाई."

"मंग हवंचं मेंढीला लावू नको. आन मेंढीचं मला लावू नको. म्या माणूस हाय, चंदे. वाघर लावायची व्हती, म्या लावली न्हाई."

"कोकरं गारठत होती पण."

"कोकरांचं नाव काढू नको." एवढं बोलून तू गिऱ्हाइकाकडं वळलीस. "ओ पाव्हणं, दात बघून झालं आसंल तर बोट काढा. लगीन लावायचं न्हाई तिचं."

मी रागानं बस पकडली. इतकी वर्षं तुझ्या मानेवर बसलेलं ओझं मी स्वतः अभ्यास करून उतरवायला आले होते, आणि तू ते उतरवून द्यायला तयार नव्हतीस. शिकलेल्या माणसाला याचा फार राग येतो. पुढं कितीदा आपण हेच भांडलो. दिवाळीला, रानात, फोनवर. मी म्हणायची, निसर्गाचा नियम आहे. तू म्हणायचीस, तुझ्या नियमाला वाघर माहीत न्हाई.

पीएच.डी.ला मी हाच विषय घेतला. तुला वाटायचं तुझ्याशी भांडायला घेतला. अगदीच खोटं नव्हतं ते.

आमची नळी उभी होती, दोन मजली घराएवढी. वर दाबलेली हवा एका पत्र्याआड कोंडायची. पत्रा फाटला की धक्क्याची लाट खाली सुटते. खालच्या भागात दोन वायू, एकावर एक. अडचण अशी की ते दोघं धक्का येईपर्यंत वेगळे राहायला हवेत. साधा उपाय म्हणजे मधे पातळ पडदा ताणायचा. पण धक्क्यानं पडद्याच्या चिंध्या होतात, आणि प्रत्येक चिंधी आपला वेगळा खड्डा पाडते. मग धक्क्यानं काय केलं आणि चिंध्यांनी काय केलं ते निवडता येत नाही. म्हणून आम्ही पडदा न लावता करत होतो. हलका वायू वरून सावकाश सोडायचा, जड खालून, आणि दोघं जिथं भेटतात तिथं बाजूच्या फटींतून दोन्ही बाहेर काढत राहायचे. नीट जमलं तर मधे स्वच्छ सीमा उभी राहते. आम्हाला नीट जमत नव्हतं. सीमा सारखी थरथरायची.

तुझ्या पोटाचं दाखवायला भावजी तुला शहरात घेऊन आले तेव्हा मी तुला प्रयोगशाळेत नेलं. तू पदर खोचून नळीभोवती एक चक्कर मारलीस. माझे मार्गदर्शक सर हात जोडून उभे.

"वाघर कुठाय?" तू मला विचारलंस.

"लावत न्हाई."

"वाघर न लावता दोघं शेजारी उभे करता?" तू सरांकडं बघितलंस. "आन तुमाला पगार देतेत?"

सरांना वाघर म्हणजे काय ते मी सांगितलं. ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मग त्यांनी मला विचारलं, बाईंना काही विचारायचं आहे का. तू विचारलंस, जड खाली कावून. मी म्हटलं, वर ठेवलं तर धक्क्याची गरजच नाही, आपोआप कोसळंल. "तेवढं तरी कळतंय," म्हणालीस. मी तुला आणखी एक गंमत सांगितली. धक्का जडातून हलक्यात गेला तर उंचवटा आधी दबतो, खड्डा वर येतो, सगळं उलटंपालटं होतं आणि मग ते वाढायला लागतं. तुला ते फार आवडलं. "म्हंजी खालचं वर," म्हणालीस, आणि हसताना पोट धरलंस. मला वाटलं हसण्यानं धरलं.

त्या दिवशीचा प्रयोग फसला. पत्रा फाटला, 'फट्ट' झालं, संगणकावर चित्र आलं, आणि चित्रात नुसता काला.

"कुणी केला ह्यो?" तू विचारलंस.

"कळत नाही. फटींतून कमीजास्त जात असंल."

"मंग कळंस्तवर कर. नियम हाय म्हनून सोडून देऊ नको."

कळेस्तोवर केलं. एका बाजूची फट दुसरीपेक्षा केसभर अरुंद होती. ती दुरुस्त केल्यावर सीमा पहिल्यांदा स्थिर उभी राहिली, आणि मी बीडला आले तेव्हा तू दवाखान्यात होतीस. हात काडीसारखे झाले होते. दुपारची वेळ, भावजी खाली औषधं आणायला गेलेले. मी फोनवर तुला धक्क्याच्या आधीचं चित्र दाखवलं. वर धुराचा पांढरा थर, खाली काळोख, मधे एक बारीक लाट.

"सरळ हाय की," तू म्हणालीस.

"जवळजवळ. ही लहर दिसती ना, ती मी दिलीय. नळी हळू हलवून."

"मुद्दाम?"

"हो. किती दिली ते माहीत असावं लागतं. नाहीतर पुढं जे झालं ते कशानं झालं, सांगता येत नाही. आपण दिलेली लहर वेगळी, चुकून आलेली वेगळी."

मग मीच विचारलं, "धक्क्याच्या नंतरचं दाखवू?"

"नगं." तू फोन माझ्या हातात दिलास. मग म्हणालीस, "तुला कळतंय की मंग. मुद्दाम येगळं आन चुकून येगळं. एवढी वर्सं काय म्हनत व्हती तू? कुनाचाच गुन्हा न्हाई. कुनाचाच न्हाई म्हनलं, की मुद्दाम केलं का चुकून झालं, ते इचारतंय कोन?"

तेव्हा कळलं, आक्का. मी तुझी चूक पुसायला धडपडत होते. तुला ती पुसायचीच नव्हती. तुला फक्त काकांचा 'मुद्दाम' हा एक शब्द पुसून हवा होता, आणि मी चूकच नव्हती म्हटलं की तो शब्द तिथंच राहायचा, कुणी न तपासलेला.

संध्याकाळी नामदेवकाका आले. आता वाकलेत. तुझ्या पायाशी बसले आणि म्हणाले, "पोरी, तुझं काय न्हवतं. बाराचा आवाजच तसा व्हता." तू भिंतीकडं तोंड केलंस. ते गेल्यावर म्हणालीस, "समदे मला लेकरू समजायलेत. एकानं तरी नीट म्हना."

मी म्हटलं, "आक्का, वाघर लावायची होती. तू लावली नाहीस."

"हां."

"मुद्दाम नाही."

"हां. आता बरूबर." मग तू पाणी मागितलंस. दोन घोट घेतलेस आणि म्हणालीस, "मुद्दाम न्हवतं एवढं काकाकडनं वदवून घे. कोकरांचं सांगू नको त्याला. ते माझं माझ्यापाशी."

इथं मी ते लिहिलं आहे. सांगू नको असं तू काकांबद्दल म्हणाली होतीस, आणि काकांना वाचता येत नाही. तू यावर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. तरी लिहिते. तू थंडीत कुडकुडत त्या पोत्यांना सुतळीनं गाठी मारत होतीस ते बघणारी मी एकटी होते, आणि ते कुठंतरी असायला हवं.

पुष्कळ बोलायचं राहिलं. माझ्या डोक्यावर तेल घालताना तू जोरात चोळायचीस, दुखायचं, मी कधी सांगितलं नाही. वसतिगृहात सोडायला आलीस तेव्हा मागं वळून बघितलं नाहीस. मी तुला दगडाच्या काळजाची समजले होते. आता फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंतचं ते अंतर आठवतं, आणि तू ते किती हळू चाललीस ते दिसतं. संगणकावर चित्रं मोजताना मान दुखली की मी अजून फोन उचलते. तुझा नंबर पहिला येतो.

मग तुझा तेरावा झाला. जेवणं उरकून भावकी मांडवात बसली होती. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या बहिणीनं वाघर लावली नव्हती, ती तिची चूक होती, आणि ती मुद्दाम केलेली नव्हती. काका, तुम्ही मुद्दाम म्हणाला होता. आज काय म्हणता?

कुणीतरी म्हणालं, आज कशाला ते बाई. मी बसले नाही.

काका मातीकडं बघत होते. "मला तवाच ठाव व्हतं," म्हणाले.

"मग तवाच कावून न्हाई बोललात?"

  ते काठी टेकून उठले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरीनं मुद्दाम केलं न्हवतं. म्या रागात खोटं बोललो."

पडदा न लावता उभी केलेली सीमा धक्क्यानं कशी मोडते त्याची आमची चित्रं स्वच्छ आली. तू गेल्यानंतर कित्येक महिन्यांनी, आता, प्रबंधही मान्य झाला. आपल्या भावकीत मी पहिली पदवीधर होते, आता पहिली डॉक्टरेटही माझीच. आणि तुझ्यावरचा आरोप, ज्यानं केला त्यानंच, चारचौघांत उभं राहून मागं घेतला.